घरी सांगू नका

पुण्याच्या थंडीला उत्तरेकडचे लोक हसतात. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दिल्लीकडचे एक गृहस्थ राहतात. कानटोपी, मफलर, हातमोजे, आत दोन बनियन असा जामानिमा करून मी पहाटे जिना उतरताना दिसलो की ते हिंदीत विचारतात, कुठे हिमालयात निघालात का. मी उत्तर देत नाही. ज्याला हसायचं आहे त्यानं जानेवारीत पहाटे साडेपाचला बिबवेवाडीतून निघावं, सातारा रस्ता ओलांडून सहकारनगरातून तळजाईच्या चढाला लागावं आणि मग हसून दाखवावं. खाली इमारतींच्या आडोशाला थंडी नुसती जाणवते. वर झाडी सुरू झाली की ती कपड्यांच्या आत शिरते. बोटांची टोकं बधिर होतात, नाकातून पाणी गळायला लागतं, आणि घेतलेला प्रत्येक श्वास घशातून छातीपर्यंत कुठे कुठे गेला ते कळत राहतं.

हा चढ मी अकरा वर्षं पळत चढतो आहे. त्यातला जवळजवळ सगळा काळ माझ्यासोबत आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी असायचे. ते मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी भोसरीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि इथलेच झाले. इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर त्यांची भाषा आमच्यासारखी झाली होती, पण दम लागला की त्यांची वऱ्हाडी वर यायची. चढाच्या मध्यावर ते "भल्ली थंडी वाजून राहिली जी" असं म्हणाले की मी ओळखायचो, श्वास फुलला. मग मी वेग थोडा कमी करायचो, आणि कमी केला आहे असं दाखवायचो नाही. एवढीच काय ती माझी माया.

इतकी वर्षं सोबत पळूनही आम्ही अहो-जाहोवरच राहिलो. पेपरातल्या बातम्या, महापालिकेचे खड्डे, पाण्याची वेळ, यांवर आमचं बोलणं भरपूर व्हायचं. घरातलं मात्र कुणी काढायचं नाही. इथली ती रीतच आहे आणि मला ती फार पटायची. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, आणि एकदा दिला की पुन्हा देऊ नये. एकदा सांगितलं तर ती काळजी, दुसऱ्यांदा सांगितलं तर लुडबुड, असं मी मानत आलो.

पळण्याचे नियम माझे होते. पाच पंचविसाला फाटकाशी यायचं, साडेपाचला निघायचं. फोन घरी ठेवायचा. वाटेत थांबायचं नाही, कारण या दिवसांत अंग एकदा गार पडलं की पुन्हा लवकर तापत नाही. सुरुवातीला आमच्यात तिसरे एक गृहस्थ होते, समोरच्या इमारतीतले. त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि ते दर थोड्या वेळानं थांबायला लागले. मी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी त्यांना म्हणालो की आपण पळायला येतो, प्रदक्षिणा घालायला नाही. जमत नसेल तर खालच्या बागेत चाला, तिथे बाकडीही आहेत. ते दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आपण स्पष्ट बोललो याचं मला समाधान वाटलं. वरचे शेजारी मात्र त्या दिवशी परतताना नेहमीपेक्षा जोरात पळाले. ते का, याचा मी विचार केला नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वरच्या शेजाऱ्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, साठीशांत करायची होती. शेजाऱ्यांना मात्र होमाचा धूर नको होता आणि जेवणावळही नको होती. त्यांची एकुलती एक मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिनं मधला मार्ग काढला. बाबांना पळण्याचे चांगले बूट घेऊन दिले आणि जानेवारीत पुण्यातच होणाऱ्या दहा किलोमीटरच्या एका शर्यतीत त्यांचं नाव घातलं. इतकी वर्षं पळूनही ते कधी शर्यतीत उतरले नव्हते. नाव नोंदल्याचा कागद घेऊन ते खाली मला दाखवायला आले. पोराटोरांसारखे खूश होते. मी कागद वाचला आणि म्हणालो की अंतर काही फार नाही, पण वेळ चांगली द्यायची असेल तर चढ न थांबता काढावा लागेल. त्यांनी ते मनावर घेतलं.

डिसेंबरच्या मध्याला थंडी एकदम पडली. आदल्या दिवशीपर्यंत स्वेटरवर भागत होतं, आणि त्या सकाळी फाटकाशी उभं राहवेना. चढाला लागल्यावर थोड्या वेळानं माझ्या मागचा बुटांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर ते रस्त्याकडेच्या कठड्याला एक हात टेकून उभे होते, दुसरा हात छातीवर. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. काळजी त्याच्या नंतर आली. जवळ जाऊन काय होतंय विचारलं, तर म्हणाले, "छातीत आवळून राहिलं जी."

मला पित्ताचा जुना त्रास आहे. रिकाम्या पोटी पळालं की जळजळतं, म्हणून खिशात आवळासुपारी असते. मी त्यांना रात्री काय खाल्लं ते विचारलं. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि वर ठेचा. मग दुसरं काय होणार, असं म्हणून मी त्यांना कठड्यावर बसवलं आणि आवळासुपारी दिली. ते चघळत बसले. पाच-सात मिनिटांत आवळणं गेलं, चेहरा मोकळा झाला. पित्तच होतं, असं तेच म्हणाले. माझं औषध लागू पडल्याचा मला आनंद झाला.

त्या आनंदाची आता लाज वाटते. दुखणं आवळ्यानं गेलं नव्हतं, ते बसले म्हणून गेलं होतं. थंडीत चढावर छाती आवळते आणि थांबलं की सुटते, हे हृदयाचं दुखणं असतं, असं नंतर मला एका डॉक्टरांनी सांगितलं. ते रागावले नाहीत, साध्या शब्दांत सांगितलं, त्यामुळे जास्तच लागलं. आमच्याकडे छातीत दुखलं की ते आधी पित्त ठरतं. मग ओवा, सोडा, ताक, आवळा. सगळं करून हरलो की डॉक्टर. मी सरकारी नोकरीत वर्षानुवर्षं लोकांच्या अर्जातल्या चुका काढल्या. ही एक मला दिसली नाही.

त्या दिवशी उतरताना ते म्हणाले, "घरी सांगू नका जी. पळणं बंद करतील." मी कशाला सांगू, असं मी म्हणालो. आणि खरंच, माझ्या रीतीप्रमाणे मी कशाला सांगणार होतो.

चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी मी आवळासुपारी निघतानाच देऊन ठेवली होती, तरीही झालं. बसले, गेलं. आणखी दोन दिवसांनी छातीसोबत जबडाही ठणकायला लागला. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की गार वाऱ्यानं दाढ दुखते आहे. मी माझा मफलर काढून त्यांच्या तोंडाभोवती गुंडाळला. त्या दिवशी मात्र माझ्या मनात काहीतरी हललं. परतताना मी त्यांना म्हणालो की एकदा ईसीजी काढून घ्या. ते म्हणाले, शर्यत झाली की घेतो. मी बरं म्हणालो. एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगणं माझ्या स्वभावात नव्हतं.

अशा या तीन सकाळी. चौथी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली.

त्या दिवशी धुकं होतं आणि दिव्यांच्या खाली ते हळूहळू सरकताना दिसत होतं. चढावर ते माझ्या पुढे होते, माझ्यापेक्षा जोरात पळत होते. मी त्यांना हळू म्हणालो नाही. उलट मनात म्हणालो, वा. मग ते अचानक रस्त्याच्या कडेला गेले आणि खाली बसले. कठड्यावर नाही, खाली मातीत. इतक्या थंडीत त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. मी खिशात हात घातला. आजही आठवतं, माझा हात आवळासुपारीकडेच गेला.

फिरायला आलेले लोक जमले. एकानं गाडी आणली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी हातमोजे काढून त्यांचे हात चोळत होतो. पद्मावतीच्या आसपास त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाले, "घरी सांगू नका जी." इस्पितळात पोचेपर्यंत ते गेले होते.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का. मी त्यांना तीनही सकाळी सांगितल्या. त्यांना सांगायला काहीच जड गेलं नाही. त्यांच्याच टेबलावरच्या फोनवरून मी बायकोला कळवलं आणि ती वर गेली. वहिनींना काय आणि कसं सांगितलं हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

तेराव्याला पंगती उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. आमची फार बोलण्याची सवय नाही. आत भांड्यांचा आवाज चालू होता. त्यांनी विचारलं, आधी कधी काही म्हणाले होते का, दुखतं-खुपतं वगैरे. मी त्यांच्याकडे पाहून म्हणालो, नाही, काहीच नाही. त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या.

खोटं का बोललो, याची कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली. गेलेल्या माणसाला शब्द दिला होता. त्याचा शेवटचा शब्दच तो होता. सांगून काय माणूस परत येणार आहे. बाईंना आधीच कमी दुःख आहे का. ही सगळी कारणं दिसायला चांगली होती. खरं कारण एकच, मला त्यांच्यासमोर दोषी व्हायचं नव्हतं. मी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी मुलगी बंगळुरूला परत जायला निघाली तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, मी नाव घातलं नसतं तर बाबा इतके जोरात पळाले नसते ना?"

मी तिला म्हणालो, असं मनात आणू नये, वेळ आली होती. वेळ आली होती, हे आपल्याकडे किती सोयीचं वाक्य आहे. त्यात कुणीच काही केलेलं नसतं. तिनं माझ्या पाया पडून बॅग उचलली आणि जिना उतरली. तिच्या पायात बाबांचेच ते बूट होते. मोठे होत होते तिला.

जानेवारीत मी एकटा पळायला लागलो. घरी सगळ्यांना वाटलं, दुःख विसरायला जातोय. मी जायचो कारण घरात बसलो की जिन्यावरून वहिनींच्या चपलांचा आवाज यायचा. पळताना कानटोपीतून काही ऐकू येत नाही. मात्र एकटं पळण्यात एक गोष्ट पहिल्यांदा कळली. माझा वेग माझा नव्हताच. इतकी वर्षं मी मागच्या बुटांच्या आवाजावर पळत होतो. तो नाही म्हटल्यावर कधी फार जोरात जायचो, कधी चालायलाच लागायचो, आणि घामानं भिजलेलं बनियन पाठीवर गार पडायचं.

एका संध्याकाळी जेवताना बायकोनं सांगितलं की वहिनी जिन्यात भेटल्या होत्या. मुलीचं काही खरं नाही म्हणाल्या. आठवडा झाला कामावर गेलेली नाही, नीट जेवत नाही, सारखं एकच बोलते, बाबांना मीच पळवलं. शर्यतीवाल्यांचा काही निरोप फोनवर आला, त्या दिवशी तर दार लावून बसली. वहिनी तिला आणायला जाणार होत्या, पण ती येऊ नको म्हणते. हे सांगून बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला तीन सकाळींबद्दल काही माहीत नव्हतं. मी ताटात पाणी सोडून उठलो. ताट तसंच टाकून उठण्याची माझी सवय नाही; काहीतरी आहे हे तिनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. पारा एक आकडी झाल्याचं आदल्या दिवशीच्या पेपरात होतंच. साडेपाचला फाटकाबाहेर पडलो तेव्हा रखवालदार पत्र्याच्या डब्यात लाकडं जाळून त्यावर जवळजवळ ओणवा झाला होता. सातारा रस्त्यावर एरवी या वेळी बस असतात, ट्रक असतात. होतेही, पण सगळं काचा वर करून, दबून चाललेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वाऱ्यानं येत होतं असं मी सांगू शकतो, पण नाही. मला ती मुलगी दिसत होती, दार लावून बसलेली.

चढ सुरू झाला. गवतावर दव इतकं होतं की ते पांढरं दिसत होतं. हवा आत घेतली की दुखायची. ते याच हवेत पळत होते, छाती आवळत असताना, आणि मागून येणारा मी वेळ मोजत होतो. मी त्या कठड्याशी आलो जिथे त्यांना तीनदा बसवलं होतं. वाटेत थांबायचं नाही हा नियम मी स्वतःसाठी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी थांबलो. हातमोजे काढून कठड्यावर हात ठेवला. दगड इतका गार होता की चटका बसल्यासारखं झालं. याच्यावर मी त्यांना बसवत होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. फिरायला आलेलं एक जोडपं माझ्याकडे पाहत पुढे गेलं.

त्या मुलीनं स्वतःला दोष देत बसायचं आणि खरं काय ते माहीत असलेल्या माणसानं तिला वेळ आली होती म्हणून वाटेला लावायचं. हे मी करत होतो. चढ पुरा न करता मी उलटा फिरलो आणि उतारावर पळत सुटलो. इतक्या वर्षांत अर्ध्यातून परत आलेलो मी तो एकच दिवस.

वहिनींच्या दाराची बेल वाजवली तेव्हा पुरते साडेसहाही झाले नव्हते. गणपतीची आरती आणि तेरावा सोडला तर त्यांच्या घरात मी फारसा कधी गेलेलो नाही. त्यांनी दार उघडलं, अंगावर शाल होती. मला घामेजलेला आणि धापा टाकताना पाहून त्या घाबरल्या. मी आत गेलो नाही. पायपुसण्यावर उभं राहूनच सगळं सांगितलं. पहिली सकाळ, दुसरी, तिसरी, आवळासुपारी, मफलर, ईसीजीचं एकदाच सांगणं, गाडीतलं त्यांचं बोलणं. आणि तेराव्याला मी खोटं बोललो, हेही.

वहिनी आत गेल्या, गॅस बंद करून परत आल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊजी."

मला कळेना त्यांना काय माहीत होतं. मग त्यांनी सांगितलं. डिसेंबरातल्या एका रविवारी ते मंडईतून दोन पिशव्या भाजी घेऊन आले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढताना छाती आवळायला लागली म्हणून ते मधल्या मजल्यावर पायरीवर बसले. मधला मजला म्हणजे माझा; ती पायरी माझ्या दारासमोरची. तिथे ते दहा मिनिटं बसून होते. वहिनी वरून बघायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, पित्त झालंय. वहिनींनी ओव्याचं पाणी करून दिलं आणि त्यांना बरं वाटलं. त्यानंतरही एकदा झालं, घरातच.

"खाली सांगू नको म्हणाले मला. ते कडक आहेत, मला सोबत न्यायचे नाहीत म्हणाले. त्या गुडघ्यावाल्यांना कसं काढलं, ते ठाऊक आहे ना."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. माझ्या दारासमोर बसून छातीत दुखणाऱ्या माणसाला माझी बेल वाजवावीशी वाटली नाही. मी न्यायचं बंद करीन याची भीती त्याला दुखण्यापेक्षा मोठी वाटली. 

वहिनी थांबल्या नाहीत. त्या दोनदा जिना उतरून आमच्या दारापर्यंत आल्या होत्या, मला सांगायला. दोन्ही वेळा परत गेल्या, कारण नवऱ्याला शब्द दिला होता, आणि मी काय म्हणेन याचा धाकही होता. तेराव्याला त्यांनी मला विचारलं ते यापोटीच. मी हो म्हटलं असतं तर त्यांनीही त्यांचं सांगितलं असतं. मी नाही म्हणालो, म्हणून त्यांनीही गिळलं. हे सगळं त्यांनी अगदी सरळ सांगितलं, माझ्याकडे न बघता, शालीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणजे एकाच माणसाचं एकच दुखणं दोन मजल्यांवर माहीत होतं, दोन्हीकडे त्याला पित्त म्हणत होते, आणि मधे जिन्याच्या वीसेक पायऱ्या होत्या.

मी बूट काढून आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. वहिनींनी पाणी दिलं. मग त्या म्हणाल्या की झालं ते झालं, आता एवढंच करा, हे मुलीच्या कानावर घालू नका. तिला वाटेल आईनं आणि काकांनी मिळून बाबांना घालवलं. आईवरून तिचं मन उठेल. मला दुसरं कोण आहे, असं म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

त्या बाईचं दुःख मला कळत होतं. पुन्हा एकदा बरं म्हणणं सोपं होतं. मला तेच एक येत होतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तिला ती स्वतःच दोषी वाटते आहे. माझं तेवढं मी सांगतो, तुमचं नाव घेत नाही. पण हे मी आता लपवून ठेवणार नाही."

 खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं होतं आणि आत स्वयंपाकघरातली वाफ, त्यामुळे उजाडलेलं नीट दिसत नव्हतं. शेवटी त्या उठल्या, फ्रिजवरचा फोन घेऊन आल्या, मुलीला लावला आणि दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. माझं मी सांगते, म्हणाल्या.

मुलीनं लगेच उचलला. इतक्या सकाळी आईचा फोन म्हणून घाबरलेली होती. आधी मी सांगितलं, मग वहिनींनी. वहिनी सांगत असताना मला वाटलं, आता ती ओरडेल, फोन ठेवून देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. आमचं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं की डॉक्टरांना वेळेवर दाखवलं असतं तर बाबा वाचले असते का.

मी म्हणालो, "हो. बहुतेक वाचले असते."

ती रडली. पुष्कळ वेळ रडली. मला ते रडणं सुटल्यासारखं वाटलं, निदान तसं वाटून घ्यावंसं वाटलं. वहिनी फोनवर झुकून तिचं नाव घेत होत्या. मग तिचा आवाज आला, घोगरा, पण शांत.

"तुम्हाला एकमेकांना सांगायचं नव्हतं, ठीक आहे. पण मला का नाही सांगितलं? मी त्याच दिवशी आले असते. हाताला धरून नेलं असतं त्यांना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. मुलगी फोन न ठेवता उत्तराची वाट बघत राहिली.